आचारी आणि आचार्य यांच्यामधली रेघ

ताज्या फ्लेक्सला एक वास असतो: रॉकेल आणि नवे रबर यांच्या मधला, घशाच्या मागे जाऊन बसणारा. छापखान्याचा वास वेगळा. त्यात शाई, खळ आणि दमट कागद असे. मी कामाला लागले तेव्हा जुन्नरच्या एका गल्लीतल्या प्रेसमध्ये हे दोन्ही वास एकाच खोलीत राहत होते. पायाने चालवायचे जुने यंत्र चादरीखाली झाकलेले होते. फ्लेक्सच्या गुंडाळ्या महामार्गावरच्या मशीनवाल्याकडून छापून येत होत्या. त्या दोहोंच्या मध्ये, खिडकीपाशी, माझा संगणक होता.

आता माझे स्वतःचे छोटे काम आहे. अवसरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली सुटीच्या दिवशी भेटायला येतात. कोणते सॉफ्टवेअर शिकावे, किती महिन्यांत काम मिळते, पुण्याला गेल्याशिवाय भागत नाही का, असे त्यांचे प्रश्न असतात. मी उत्तरे देते आणि ती बरोबरही असतात. मात्र त्या उत्तरांत एक रेघ दरवेळी राहून जाते. ती इथे लिहिते.

मी मराठी कविता हा विषय घेऊन एम.ए. केले होते. नंतर मंचरला सहा महिने संगणकावरची मांडणी शिकले आणि हबीबचाचांच्या प्रेसमध्ये काम मागायला गेले. चाचांच्या घराण्यात पूर्वी हाताने कागद करीत. तो धंदा बुडाला, तरी चाचा कोणताही कागद हाती आला की आधी दोन बोटांत चोळून पाहत आणि मगच त्यावर काय छापले आहे ते वाचत. त्यांनी माझी प्रमाणपत्रे चोळून पाहिली, बाजूला ठेवली आणि एक लग्नपत्रिका उलटी करून माझ्यासमोर धरली.

"बघ."

"चाचा, उलटी आहे."

"म्हनून तर दिली. सुलटी दिली तर तू वाचत बसशील, बेटा. मला वाचनारी नको, जागा बघनारी पायजे. कुठं दाटी झालीय?"

मी वधूच्या मामांच्या नावांवर बोट ठेवले. सगळे मामा एकाच ओळीत कोंबले होते. चाचा हसले आणि म्हणाले, "उद्यापास्नं ये."

ग्राफिक डिझाइन या शब्दाने बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काचेची कचेरी येते. तालुक्याच्या गावात त्याचा अर्थ असा की लोकांना एकमेकांना जे सांगायचे असते ते एका चौकोनात बसवून द्यायचे. कोणी गेल्याचे, कोणी जन्मल्याचे, कोणी निवडून आल्याचे. टोमॅटोच्या रोपवाटिकेचे पत्रक, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक, बिबट्या फिरतो आहे, मुलांना एकटे सोडू नका. लग्नपत्रिकेत माणसांचा क्रम हे सगळ्यात अवघड गणित, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेहऱ्यांचा. एकदा एक कार्यकर्ता माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून तासभर उभा होता.

"ताई, माझा फोटो भाऊंच्या खांद्याला लागला पायजे."

"खांद्याला आधीच दोघे लागलेत."

"मंग भाऊंना जरा रुंद करा की राव."

मी भाऊंना रुंद केले. भाऊंनी तो फ्लेक्स पाहिला आणि व्यायाम सुरू केला, असे नंतर ऐकले. खरे-खोटे मला माहीत नाही.

अशा कामात कवितेचा उपयोग होतो का, असे मला विचारतात. होतो, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी. कवितेने मला ओळ कुठे तोडावी ते शिकवले आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेला आवाज असतो हे शिकवले. काही वाईट सवयीही लावल्या. कोणतीही गोष्ट घडली की आधी तिच्यावर सुंदर लिहावे असे मला वाटे. त्या सवयीची किंमत कमलताईंनी मोजली.

कमलताई डिंगोऱ्याच्या. लग्नाच्या, पूजेच्या, बारशाच्या पंगतींचा स्वयंपाक करणाऱ्या त्यांच्या दिराच्या टोळीत त्या बारा वर्षे काम करीत होत्या. आमटीला हात त्यांचा, नाव दिराचे. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्या वेगळ्या झाल्या. त्यांच्याबरोबर टोळीतली सहा माणसेही बाहेर पडली. त्या प्रेसमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या पदराला जिऱ्याच्या फोडणीचा वास होता आणि हाताच्या तळव्यांचा रंग हळदीने कायमचा बदललेला होता.

"पोरी, असं लिही की सहाच्या सहा मानसं माझ्याकडं हायेत," त्या म्हणाल्या. "दीर समद्यांना सांगत फिरतोय, कमल एकलीच गेली म्हनून. तुळशीचं लगीन झालं की कामं सुरू व्हत्यात. ह्या हंगामात मानसांना काम न्हाई दिलं, तर ती परत त्याच्याकडं जात्यात. आन् त्यांच्या मागनं मीबी जाते, कांदं चिराया."

दिराकडे परत जायचे की नाही, हे त्या एका हंगामावर ठरणार होते. मी मजकूर लिहिला. वर त्यांचे नाव, खाली कामांची यादी, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत: 'सहा अनुभवी आचाऱ्यांची टोळी'. छापून काढलेला नमुना त्यांनी ओठ हलवत, बोट फिरवत वाचला आणि खाली सही केली. प्रूफवर सही घेणे हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. सही झाली की चूक गिऱ्हाइकाची.

नमुन्यात चूक नव्हती. चूक नंतर झाली आणि ती माझी होती.

'आचारी' या शब्दाला प्रत्यय लागला की त्याचे 'आचाऱ्यांची' होते. त्यातला अर्धा र म्हणजे य च्या आधी पापणीसारखी झुकलेली एक लहानशी आडवी रेघ. तीच रेघ उठून य च्या डोक्यावर रफार होऊन बसली की शब्द होतो 'आचार्यांची', आणि स्वयंपाक करणारा माणूस एकाएकी गुरू होतो. आमच्या भागात या रेघेवाचून पान हलत नाही. कैऱ्या, पायऱ्या, दऱ्या, नवऱ्या, गिऱ्हाइके, सगळी तिच्यावर उभी आहेत. माझ्या संगणकात मात्र त्या दोन शब्दांत एकाच गोष्टीचा फरक होता. र आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य अक्षर साठवलेले असे. त्याची रुंदी शून्य. ते पडद्यावर दिसत नाही, छापले जात नाही, उच्चारले जात नाही. ते फक्त र ला खाली धरून ठेवते. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेला की हे अक्षर वाटेत गळून पडू शकते, आणि पडले तर त्याचा आवाजही होत नाही.

यावर उपाय साधा आहे. फाइल बाहेर पाठवण्याआधी सगळी अक्षरे गोठवून त्यांची चित्रे करायची. धंद्यात याला 'कर्व्ह करणे' म्हणतात. मग मशीनवाल्याकडे तो फाँट असो वा नसो, रेघ जागची हलत नाही. मंचरला पहिल्याच आठवड्यात हे शिकवले होते. मी केले नाही, कारण कमलताई फोन नंबर बदलू असे म्हणत होत्या आणि मला फाइल मोकळी ठेवायची होती. मशीनवाल्याकडे माझा फाँट नव्हता. त्याने मजकूर आपल्या फाँटमध्ये ओतला, छापला आणि आळेफाट्याच्या चौकात परस्पर लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर फोटो आला. आठ फूट रुंद, लाल अक्षरांत: 'सहा अनुभवी आचार्यांची टोळी'.

तो फोटो आधी दिराने पसरवला, मग सगळ्यांनीच. 'टोळीतील आचार्य प्रवचन देतील की पिठलं?' असे कोणी खाली लिहिले. 'दरोडा की दीक्षा?' असे दुसऱ्याने. मला हे आजही विनोदी वाटते आणि त्या दिवशीही, लाज वाटण्याच्या आधी क्षणभर, वाटले होते. कमलताईंना मात्र त्यात काय चुकले ते दिसेना. रात्री त्यांचा फोन आला. "लोकं हसत्यात का गं? अक्षरं तर तीच हायेत." मी रफार समजावून सांगितला. पलीकडे बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

हसण्यावर भागले असते तर ठीक होते. आळे गावच्या एका निवृत्त शिक्षकांनी, ज्यांना सगळे नुसते गुरुजी म्हणतात, धाकट्या मुलाच्या लग्नाचे जेवण कमलताईंना तोंडी सांगून ठेवले होते. हंगामातले ते पहिले मोठे काम. गुरुजींनी चौकात तो फ्लेक्स वाचला आणि त्यांना निरोप पाठवला, की ज्यांना स्वतःच्या धंद्याचे नाव नीट लिहिता येत नाही, त्या मीठ नीट घालतील यावर माझा विश्वास बसत नाही.

चाचांनी मला बोलावले. मी म्हटले, मशीनवाल्याने फाँट बदलला.

"बदलला ना. मंग?" चाचा म्हणाले. "गिऱ्हाईक आपल्या दारात आलं व्हतं, त्याच्या न्हाई. जा गुरुजींकडं. सांग, चूक माझी. आत्ता जा."

मी लगेच गेले नाही. हा लेख लिहिताना एवढेच वाक्य मला तीनदा खोडून पुन्हा लिहावे लागले. मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना द्यायचे पत्र लिहीत बसले. त्यात र च्या चार रूपांविषयी एक परिच्छेद होता, शून्य रुंदीच्या अक्षराविषयी एक होता, आणि त्याची तुलना मी श्वासाशी केली होती. पत्र चांगले झाले होते. तिसऱ्या दिवशी ते घेऊन आळ्याला गेले तेव्हा गुरुजींनी ते उभ्याने वाचले, एका ठिकाणी पेन्सिलीने ऱ्हस्व 'कि' दीर्घ केली, आणि म्हणाले, "तुमचे म्हणणे मला पटले. चूक त्या बाईंची नाही. पण मी काल सकाळीच त्यांच्या दिराला शब्द दिला. परवा आला असतात तर वेगळे झाले असते."

त्यानंतर कमलताईंच्या सहांपैकी तीन माणसे दिराकडे परत गेली. चाचांनी नवा फ्लेक्स आपल्या पदरचा छापून दिला, मी स्वतः तो कर्व्ह करून पाठवला, पण तो चौकात लागला तेव्हा 'सहा' हा आकडाच खोटा झाला होता. कमलताईंनी तो चार दिवसांत उतरवला. एखादी दशक्रिया, एखादे बारसे, एवढ्यावर त्यांचा कार्तिक गेला. त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलावे असे मला वाटत होते.

मार्गशीर्षात एका सकाळी त्या प्रेसमध्ये आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"पत्र्याची पाटी करायची," त्या म्हणाल्या. "भांडी न्यायच्या टेंपोच्या मागं लावाया. पर त्यो शब्दच नको. जो फिरतो आन् डोक्यावर चढून बसतो, त्यो."

"मग काय लिहू?"

"लिही, कमलताईंचा सैपाक."

मी 'कमलताईंचा स्वयंपाक' असे टाइप केले. त्यांनी पडद्याकडे पाहिले.

"हे काय?"

"तेच. शुद्ध लिहिलंय."

"मला बोलता येतोय त्यो शब्द. रेडिओवर ऐकलाय. पर त्यो वाचून कुनाला भूक लागती का? लगीनघरी लोकं इचारत्यात, सैपाक कुनाचा हाय? तेवढंच लिही."

मी सहा महिन्यांची नवखी होते आणि मराठीची पदवी घेतलेली होते. नुकतीच एका शब्दाने मी त्यांची वाट लावली होती. आता जाणूनबुजून अशुद्ध शब्द माझ्या हाताने पाटीवर जाणार होता. मी चाचांकडे पाहिले. ते कागद चोळत होते.

"लोकं बोलत्यात तसं लिवलं तर चूक कुठं हाय?" चाचा म्हणाले. "तू फकस्त जागा बघ."

मी जागा पाहिली. 'सैपाक' हा शब्द दिसायला विलक्षण आहे हे मला तोवर कळले नव्हते. स च्या डोक्यावरच्या दोन मात्रा वाफेसारख्या मागे झुकतात, आणि पुढचे पा आणि क पाटावर ऐसपैस बसल्यासारखे मांडी घालतात. त्यात जोडाक्षर नाही, रफार नाही, कुठे अडखळणे नाही. मी तो जाड, साध्या अक्षरांत घेतला. पार्श्वभूमी हिरवी केली, तर कमलताई म्हणाल्या, "शेवाळ चढल्यावानी दिसतंय." मग ती हळदीच्या रंगाची झाली. हळद कच्ची की शिजलेली, यावर आमचा अर्धा तास गेला. शिजलेली ठरली. कच्च्या हळदीत लाल अधिक असतो आणि शिजल्यावर तो मागे सरतो, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेले मला आठवत नाही. पेंटरने ती पाटी रंगवली, तेव्हा फाइल गोठवण्याचाही प्रश्न उरला नाही.

टेंपो ओतूर, आळे, बेल्हे अशा वाटांनी फिरू लागला. बाजारच्या दिवशी लोक मागून वाचत आणि पुढे जाऊन ड्रायव्हरला नंबर विचारत. तीनपैकी एक माणूस परत आले. दोन येतो म्हणाली, पण काम पक्के झाल्यावर.

पौषाच्या आधी गुरुजींचा प्रेसमध्ये फोन आला. मुलाचे लग्न पार पडले होते. राहिली होती सत्यनारायणाची पूजा आणि तिचे जेवण. त्या तारखेला दीर दुसरीकडे गुंतला होता. "त्या बाईंना घेऊन या," गुरुजी म्हणाले. "आणि तुम्हीही या. तुमच्याशी बोलायचे आहे."

आम्ही गेलो. ओट्यावर ऊन होते आणि वाळत घातलेल्या चिंचेचा आंबूस वास. गुरुजींनी आधी माझ्याकडे पाहिले.

"ती पाटी रोज माझ्या दारावरून जाते. 'सैपाक'! तुम्ही एम.ए. आहात ना?"

"हो."

"त्या वेळी यंत्राने चूक केली, मी समजून घेतले. या वेळी तुम्ही डोळे उघडे ठेवून केलीत." मग ते कमलताईंकडे वळले. "बाई, तुमच्या हाताविषयी माझी तक्रार नाही. पूजेचे जेवण तुम्हाला देतो. फक्त तेवढी पाटी शुद्ध करून घ्या. एका शब्दाचा प्रश्न आहे."

कमलताईंनी माझ्याकडे पाहिले. हे काम मिळाले तर ती दोन माणसे परत येणार होती. न मिळाले तर पौष रिकामा होता, आणि रिकाम्या पौषात आलेले माणूसही टिकले नसते.

"तू शिकलेली हायेस," त्या म्हणाल्या. "सांग."

"गुरुजी म्हणतात तो शब्द शुद्ध आहे," मी म्हटले. "पाटी तुमची आहे. पुसायची असेल तर आज पुसून देते, फुकट."

माझ्या उत्तराने कोणालाच मदत झाली नाही हे मला तेव्हाच कळले. पण खरे तेवढेच होते. कमलताईंनी पदराने मान पुसली. ओट्याच्या कडेला एक कोंबडी चिंचेकडे यायचा विचार करीत होती. त्यांनी हात हलवून तिला हाकलले.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमी पोरांना शिकवलं, माझ्या भावालाबी शिकवलं. तुमचा शब्द खोटा न्हाई. पर त्या पाटीवरचा शब्द माझा हाय. त्यो वाचून लोकं माझ्याकडं येत्यात. त्यो पुसला तर मी पुन्यांदा दुसऱ्याच्या नावाखाली गेल्यावानी व्हईल. सैपाक अशुद्ध लागला, तर पंगतीतनं उठून सांगा, मी पाटी काढते. त्याआधी न्हाई."

गुरुजींनी चष्मा काढला. मला वाटले, आता निरोप घ्यायचा. आत कोणीतरी पाट्यावर काही वाटत होते; तो आवाज थांबला, आतलेही ऐकत असावेत.

"जेवायला अडीचशे पाने होतील," गुरुजी म्हणाले.

कमलताईंनी पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवली, आणि मला आजवर भेटलेल्या कोणत्याही व्यावसायिकाने इतक्या शांतपणे विचारला नाही असा प्रश्न विचारला.

"पानी कुठलं हाय तुमच्यात? बोरचं का नळाचं? बोरचं असंल तर डाळ शिजत न्हाई, मला पानी संगं आनावं लागंल."

गुरुजींना ते माहीत नव्हते. ते उठले आणि विचारायला आत गेले.